न कापलेली अकरा मिनिटं

ओढ्याकाठचं कुरण कंपनीने तारेच्या कुंपणात घेतलं तेव्हा फाटकावर एक भलीमोठी पाटी लावली. आत येणाऱ्यावर कारवाई होईल, असं तिच्यावर तीन रंगांत लिहिलं होतं. पाटी झकास होती. पण गुरांना वाचता येत नव्हतं, आणि त्या उन्हाळ्यात ओढ्याखेरीज कुठेही पाणी नव्हतं. त्यामुळे रोज दुपारी गावातली गुरं कुंपणाशी जाऊन उभी राहत, तारेवरून माना पलीकडे काढत आणि पाणी जागेवर आहे एवढी खात्री करून घेत.

कुरण गावाचं की कंपनीचं, हे कचेरीत ठरायचं होतं. ते ठरेपर्यंत गुरांना रोज दोन तास पाण्यावर सोडावं, असा हुकूम झालेला होता. हुकमाचा कागद गावाकडे होता, काठ्या रखवालदारांकडे होत्या. कागद दाखवला की मोठा रखवालदार तो उलटसुलट करून बघे आणि म्हणे, "यात गुरं सोडा असं लिहिलंय. माणसं सोडा असं कुठंय?" मग गुरं आत जात आणि त्यांच्यामागून जाणाऱ्या माणसाला काय मिळेल, हे त्या दिवशी रखवालदारांचं जेवण कसं झालंय त्यावर अवलंबून असे.

धाकटीच्या घरात माणसं तीन आणि जनावरं नऊ. माणसांत ती, तिचा नवरा आणि थोरली जाऊ. थोरलीचा नवरा दूरच्या बंदरावर कामाला होता आणि वर्षातून एकदा येऊन आपण अजून आहोत असं दाखवून जाई. धाकटीच्या नवऱ्याला सगळं गाव वाघ म्हणे. एकदा लहानपणी कोंबडी अंगावर आली म्हणून तो माळ्यावर चढून बसला होता आणि खाली यायला त्याला दुसरा दिवस उजाडला होता. त्या दिवसापासून तो वाघ. स्वभावाने लाख माणूस. वाटेत कुणी आडवं आलं तर आपणच बांधाखाली उतरणारा. त्याला रागावलेलं गावाने बघितलं नव्हतं आणि बायकोने बघितलं होतं ते एकदाच, तेही डोळे मिटून शिंक अडली होती म्हणून. तिला वाटलं होतं, रागावला.

घरातलं दवाखान्याचं खातं धाकटीकडे. ढोरांचा डॉक्टर शहरात बसे. त्याची जीप दोन वर्षांपासून दुरुस्त होत होती. तेव्हा तो फोनवर व्हिडिओ मागवून औषध सांगे. पण व्हिडिओच्या बाबतीत त्याची शिस्त कडक. आधी तारीख, वेळ आणि जनावराचं वय मोठ्याने बोलायचं. मग जनावर चालताना दाखवायचं, तेही पायाच्या उंचीला फोन धरून. मध्ये थांबायचं नाही, तोडायचं नाही, जोडायचं नाही. आणि तोंडाने बोलत राहायचं. सुरुवातीला धाकटी म्हणे, "डॉक्टर, मला वाटतं तिला नजर लागली." त्यावर डॉक्टर खेकसे, "तुला काय वाटतं ते शेजारणीला सांग. मला काय दिसतं ते सांग." दोन वर्षांत धाकटी इतकी तयार झाली की थोरली जेवताना ठसकली तरी तिच्या तोंडून निघे, "खोकला कोरडा, दोनदा."

त्या दिवशी तांबडी गाय पुढच्या उजव्या पायाने लंगडत होती. डॉक्टरने सांगितलं, दगडधोंड्यातून चालताना दाखव. दगडधोंडे ओढ्याच्या उतारावर. म्हणून वाघ गुरं घेऊन पुढे गेला आणि धाकटी मागून, वाकून, फोन गुडघ्याखाली धरून. फाटक उघडंच होतं. उतारावर घाणेरीचं एक मोठं झुडूप होतं. त्याच्या आडोशाला उकिडवी बसून तिने सुरू केलं.

तारीख सांगितली. वेळ सांगितली. "तांबडी गाय, वय सहा. पुढचा उजवा खूर टेकवते, पण भार देत नाही." दोन मिनिटं फोनमध्ये नुसते गाईचे पाय होते. मग गाईच्या पायांमागून बूट आले.

कुणीही दुसरं माणूस असतं तर उठून ओरडलं असतं, नाहीतर पळालं असतं. निदान फोन वर करून तोंडं तरी घेतली असती. धाकटीला यातलं काहीच सुचलं नाही. तिच्या हाताला एकच गोष्ट ठाऊक होती, की चालू केलेलं थांबवायचं नाही. आणि तोंडाला एकच, की जे दिसतं ते सांगायचं. तिचा आवाज इतका बारीक झाला की तिचा तिलाच ऐकू येईना, पण तो चालू राहिला.

"माणसं चार. बूट काळे, एकाची नाडी सुटलेली. त्यातला एक वळताना डावा पाय बाहेर टाकतो. आमचे हे एकटे. हात रिकामे, हातातला कागद खाली पडला. काठी मांडीवर. काठी पाठीवर. काठी पाठीवर. आता हे खाली पडले. लाथ कुशीत. काठी पुन्हा."

वाघ गुडघ्यांवर आला. त्याने डावा पाय बाहेर टाकणाऱ्याचे दोन्ही बूट धरले आणि त्यांवर कपाळ टेकलं. तो म्हणत होता, "साहेब, मी कुत्रा हो तुमचा, सोडा, पाया पडतो, तुमचं पोर समजा," आणि रडत होता. रडताना त्याचा लेंगा ओला झाला. ओल खाली मातीत उतरली. धाकटीने तेही सांगितलं, कारण ते दिसत होतं. फक्त तिथे तिला एक आवंढा गिळावा लागला, तो व्हिडिओत ऐकू येतो.

मग चार बुटांच्या जोड्यांमधून दोन अनवाणी टाचा फरफटत गोदामाकडे गेल्या. गोदामाचं दार लागलं. तांबडी गाय फोनला नाक लावून उभी राहिली. एकूण अकरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी कळलं की वाघाला पोलीस ठाण्यात दिलंय, आणि आरोप असा की त्याने एकट्याने चार रखवालदारांना जबर मारहाण केली.

ही बातमी ऐकून गाव आधी हसलं. मग गप्प झालं. मग हळूहळू, तासाभराने, त्यावर विश्वास ठेवू लागलं. तसा कुणाचा काही खर्च होत नव्हता. दुपारपर्यंत पारावरची माणसं म्हणू लागली, की शांत माणसाचा राग वाईट. संध्याकाळपर्यंत वाघाने एका रखवालदाराला उचलून आपटल्याचं बघितलेली दोन माणसं निघाली.

धाकटी आणि थोरली डबा घेऊन ठाण्यात गेल्या. दारातल्या शिपायाने थोरलीकडे बघून विचारलं, "पैलवानाकडे आलात?"

"कोणाकडे?"

"तोच. चौघांना लोळवणारा. बसा. नीट वागतो हो इथे. कुणावर हात टाकला नाही अजून."

थोरली म्हणाली, "उभं राहता आलं की टाकेल."

वाघ कोठडीत एका कुशीवर बसला होता, कारण दुसऱ्या कुशीवर बसता येत नव्हतं. ओठ सुजला होता. पण चेहऱ्यावर एक नवं काहीतरी होतं. बरोबरच्या दोन कैद्यांनी त्याला भिंतीकडची जागा दिली होती आणि एकजण त्याच्या आधी पाणी पीत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा माणसं त्याच्यासाठी बाजूला सरकत होती. त्याला ते आवडलं होतं असं नाही, पण त्याने ते नाकारलंही नव्हतं.

धाकटीने गजांना तोंड लावून सांगितलं, "अहो, माझ्याकडे व्हिडिओ आहे."

"कशाचा?"

"तांबडीचा. म्हणजे तुमचा. तुम्हाला मारलं तो."

वाघाचे डोळे मोठे झाले. "देवा! मग सुटलोच की! अगं, दाखव ना त्यांना! मी हात उचलला नाही हे दिसतंय ना?"

"दिसतंय."

"काठ्या दिसतायत?"

"मोजून."

तो हसला आणि ओठ फुटला म्हणून थांबला. मग त्याच्या मनात काहीतरी पुढे सरकलं असावं. त्याने शेजारच्या कैद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"कुठपर्यंत आहे?"

"गोदामाचं दार लागेपर्यंत."

"म्हणजे ते पण? बूट धरले ते?"

धाकटीने डब्याचं झाकण घट्ट केलं.

"आणि... लेंगा?"

ती गजांकडे बघत राहिली. वाघ तोंड फिरवून बसला. मग भिंतीला म्हणाला, "ते काप."

"कसं कापू?"

"मला काय विचारतेस? तुमच्या फोनात सगळं कापता येतं म्हणतात. काठ्या ठेव. तेवढं काप. नाहीतर दाखवूच नकोस. मी बसतो इथेच. इथे बरं आहे."

धाकटी फोन घेऊन एका वकीलबाईंकडे गेली. त्यांची खोली टायरच्या दुकानावर होती. खाली हातोडे चालत आणि वर त्यांच्या टेबलावरचा चष्मा हळूहळू कडेकडे सरकत जाई. मारहाण झालेल्यांची, डांबून ठेवलेल्यांची कामं त्या करत आणि पोटासाठी भाडेकरूंची भांडणं. त्यांनी अकरा मिनिटं एकदा बघितली. मग चष्मा पुसून परत बघितली.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं? कोणत्या संस्थेचं प्रशिक्षण झालंय तुमचं?"

"ढोरांचा डॉक्टर."

वकीलबाईंनी हे वहीत लिहून घेतलं आणि जरा विचार करून खोडलं. "अहो बाई, लोक माझ्याकडे वीस वीस सेकंदांचे तुकडे आणतात. नुसता आरडाओरडा, हललेला फोन. तारीख नाही, वेळ नाही. यात सगळं आहे. तोंडं मात्र नाहीत."

"तोंडं कशाला लागतात? रोग पायात होता."

"बरं. आणखी एक. हे असंच्या असं द्यायचं. एक सेकंद इकडचा तिकडे नाही. कापलं की समोरचा पहिला प्रश्न विचारणार, काय लपवलंत? आणि मग उरलेलंही खोटं ठरवणार."

धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "शेवटचं तेवढं... त्यांना नकोय."

वकीलबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "दुसरा उपाय आहे. या उन्हाळ्यात मार खाल्लेले आणखी कुणी असतील. त्यातले दोघे जरी उभे राहून बोलले, तर व्हिडिओशिवाय प्रयत्न करता येईल. आहेत?"

होते. म्हणजे मार खाल्लेले होते, बोलणारे नव्हते. त्या उन्हाळ्यात गावातली सहा-सात माणसं पडली होती. सुतार झाडावरून पडला होता. निवृत्त मास्तर विहिरीच्या पायरीवरून. एकजण तर सपाट अंगणात. दोघी जावा सुताराकडे गेल्या. तो पालथा झोपून खाटेचा पाय तासत होता.

"दादा, तुम्हाला कुरणात मारलं ना?" धाकटीने विचारलं.

"कोण म्हणतं? मी झाडावरून पडलो."

"कोणत्या?" थोरली म्हणाली.

"आहे एक."

"पाठीवर चार वळ उठलेत, एकसारख्या अंतरावर. पडताना फूटपट्टी लावली होती का?"

सुताराने पटाशी खाली ठेवली. "वहिनी, तुमच्या वाघाची गोष्ट वेगळी. त्याने चौघांना हाणलं. तो उजळ माथ्याने सांगू शकतो. आम्ही काय सांगायचं?" आणि परत तासायला लागला.

मास्तरांनी तर पडल्याची सविस्तर हकिगतच सांगितली, पायरीच्या क्रमांकासह.

घरी परतल्यावर दोघी धारांना बसल्या. उन्हं कलली होती. गाईंनी दिवसभर पाणी धड प्यालेलं नव्हतं आणि आचळं ओढूनही चरवीत आवाज होईल इतकी धार लागत नव्हती. थोरली गाईच्या पोटाला डोकं टेकून म्हणाली, "काप की गं. बाईमाणसाचं असतं तर कापलंच असतं ना? त्याचंही काप. सगळ्या कोर्टासमोर लेंगा! बाहेर येईल, पण गावात फिरेल कसा?"

"दोन वर्षांमागे पाडी गेली, आठवतं?"

"तिचं काय मध्येच?"

"तिला मागून घाण जात होती. डॉक्टर पुरुषमाणूस, त्यात मोबाइलवर. मला कसंतरी वाटलं. मी मागचं सोडून सगळं दाखवलं. तोंड, डोळे, पोट, पाय. त्याने पोटाचं औषध दिलं. चौथ्या दिवशी गेली." धाकटीने चरवी बाजूला ठेवली. "डॉक्टर चिडला नाही. एवढंच म्हणाला, जे दाखवलं नाहीस तिथेच होतं ते."

थोरली बराच वेळ धार काढत राहिली. गाईला आता काही येत नव्हतं, तरीही. मग म्हणाली, "वाघाला सांगायचं कुणी?"

"मीच."

सुनावणीच्या दिवशी वऱ्हांड्यात तिने सांगितलं. वाघाला दोन शिपायांच्या मध्ये बाकावर बसवलं होतं. तिने फार लांबण लावली नाही.

"कापलं नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, तिने त्याचं एकही म्हणणं इतक्या सरळ मोडलं नव्हतं. "अगं, मी तुझा नवरा ना?"

"म्हणूनच."

"मी आत बसतो म्हटलं होतं."

"तुम्ही बसाल हो. मी नऊ गुरं घेऊन त्या फाटकातून जाऊ का?"

त्याने बाकाखाली पाय ओढून घेतले. आणि तेवढ्यात पुकारा झाला.

न्यायाधीश कंबरेमागे उशी घेऊन बसत. खोलीत एक जुना मोठा टीव्ही होता, त्यावर व्हिडिओ लावला. पडद्यावर तांबडीचे चार पाय आले आणि धाकटीचा आवाज, तारीख, वेळ, वय सहा.

"हे वय कुणाचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"गाईचं, साहेब," वकीलबाई म्हणाल्या.

"गाय या प्रकरणात आहे का?"

"ती साक्षीदार आहे, साहेब, पण तिला बोलावलेलं नाही."

कंपनीचा वकील दोनदा उठला. गाईला हरकत म्हणून एकदा, आणि दुसऱ्यांदा, यात कोणाचंच तोंड नाही म्हणून. "नुसते बूट आहेत, साहेब! असे बूट बाजारात शेकड्याने मिळतात. हे माझे अशील कशावरून?" चारही रखवालदार मागच्या बाकावर बसले होते. एकाच्या डोक्याला इतकी मोठी पट्टी होती, की ती बांधायला त्याला घरून मदत मिळाली असावी. आज चौघांच्याही पायांत चपला होत्या.

न्यायाधीशांनी व्हिडिओ थांबवला. "बाई, तुम्ही ओळखता त्यांना?"

धाकटी उभी राहिली. खुर्चीचा मागचा भाग तिने घट्ट धरला. "तोंडाने नाही ओळखत, साहेब. चालवून बघायला लागेल."

कंपनीचा वकील हसला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांना स्वतःला कंबरेमुळे चालण्याचा विषय जवळचा असावा. "चालवा," ते म्हणाले.

मोठा रखवालदार उठला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चालून गेला. असा चालला, की शाळेतल्या कवायतीत पहिला नंबर यावा. पाय एका रेषेत. कंपनीच्या वकिलाने हात पसरले.

"सरळ चालताना लपवतात, साहेब," धाकटी म्हणाली. "लंगडं जनावर पण माणूस बघतोय म्हटल्यावर सरळ चालतं. वळवा."

"वळा," न्यायाधीश म्हणाले.

मोठ्या रखवालदाराने भिंतीकडे बघितलं. तो वळेना. खोलीत सगळे त्याच्या पायांकडे बघत होते. टंकलेखकसुद्धा यंत्रावरचे हात काढून वाकला होता. शेवटी तो वळला, आणि डावा पाय अर्धा गोल काढून बाहेर पडला, जसा पडद्यावर पडला होता.

"परत एकदा," न्यायाधीश म्हणाले. त्याने परत एकदा केलं. "बसा."

मग उरलेला व्हिडिओ लागला.

काठ्या आल्या. धाकटीचा बारीक आवाज त्या मोजत होता. पट्टीवाल्याने हळूच पट्टी सारखी केली. मग वाघ गुडघ्यांवर आला, बूट धरले. साहेब, मी कुत्रा हो तुमचा. तो आवाज त्या खोलीत इतका मोठा झाला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. वाघ छताकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. धाकटी त्याच्याकडे बघत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या मनात एवढंच येत होतं, की आता मातीतली ओल येईल, आता गिळल्याचा आवाज येईल. आले. कुणी हसलं नाही. तिला वाटलं होतं कुणीतरी हसेल. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली, बस.

दार लागलं. गाईचं नाक आलं. पडदा काळा झाला.

न्यायाधीशांनी आरोपाचा कागद उचलला आणि वाचला. मग वाघाकडे बघितलं, मग परत कागदाकडे. "चौघांना जबर मारहाण करणारा, तो हाच ना?" त्यांनी कंपनीच्या वकिलाला विचारलं. वकील उठला, पण उठून काय बोलायचं हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. तो बसला.

वाघाला त्याच दुपारी सोडलं. रखवालदारांवर गुन्हा नोंदवायचा हुकूम झाला आणि फाटकाची किल्ली कुरणाचा निकाल लागेपर्यंत गावाकडे द्यावी असंही ठरलं. यातलं किती टिकेल ते वकीलबाईंनाही सांगता येत नव्हतं. पण त्या पायऱ्या उतरताना दोन पायऱ्या एकदम उतरल्या, हे धाकटीने बघितलं.

घरी आल्यावर थोरलीने पाणी तापवलं. धाकटीने नवऱ्याची पाठ शेकली. त्याची पाठ हाताखाली होती, गरम होती, श्वासाबरोबर हलत होती. नऊ दिवसांत ती रडली नव्हती, ती आता रडली. आवाज न करता, शेकत शेकतच. वाघाला वाटलं गरम पाणी सांडतंय.

दोन दिवस तो गोठ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. जेवण तिथेच. व्हिडिओतलं सगळं गावात येऊन पोचलं होतं, कारण सुनावणीला गावातली तीन माणसं गेली होती आणि तीन माणसं पुष्कळ झाली. त्याने रखवालदाराला आपटताना बघितलेली ती दोन माणसं आता म्हणत होती की त्या दिवशी ऊन फार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. हातात काहीच नव्हतं, म्हणजे कामाला आला नव्हता. धाकटीने गोठ्याकडे बोट दाखवलं. तो आत गेला आणि वाघाशेजारी, तोही भिंतीकडे तोंड करून, बसला. धाकटी शेण गोळा करत होती, ती तशीच थांबली.

"वाघ्या," सुतार म्हणाला.

"हं."

"तू किती जणांचे पाय धरलेस?"

वाघ भिंतीचा पोपडा नखाने काढू लागला.

"एकाचेच ना? मी दोघांचे धरले होते. एक झाला की दुसरा."

वाघाने मान वळवली. "तू? झाडावरून पडलास ना?"

"कुठलं झाड रे! आणि एक सांगू? मी त्यांना म्हटलं, मला नका मारू, मास्तरला मारा, तो तुमच्याविरुद्ध अर्ज लिहितो."

वाघ त्याच्याकडे बघत राहिला. मग तो हसला. कुशीत कळ आली म्हणून कूस धरून हसला. "अरे हलकटा! मास्तर?"

"मग काय! आणि दुसऱ्या दिवशी मास्तर पडला विहिरीवरून!"

आता सुतारही हसत होता. हसता हसता डोळे पुसत होता, आणि मग नुसतेच पुसत राहिला. वाघाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तिथे वळ आहेत हे आठवून उचलला, आणि खांद्यावर ठेवला.

दुपारपर्यंत मास्तर आले. सुताराचं ऐकून घेतल्यावर त्यांनी पाच मिनिटं त्याच्याशी अबोला धरला, आणि मग सांगितलं की त्यांनी रखवालदारांना हात जोडून आपली निवृत्तीची ऑर्डर दाखवली होती. सपाट अंगणात पडलेला आला. त्याने पळता पळता आपली गुरंही टाकून दिली होती, आणि ती त्याच्या आधी घरी पोचली होती. एकेक जण येताना मान खाली घालून येई आणि सांगून झालं की जागा सरकवून बसे. कोण जास्त रडलं यावर थोडी वादावादीही झाली. थोरली सगळ्यांना चहा देत म्हणाली, "एवढी शूर माणसं एका गोठ्यात मी पहिल्यांदा बघते."

वकीलबाईंना निरोप गेला. त्या म्हणाल्या, येते, पण तोवर प्रत्येकाचं बोलणं व्हिडिओवर घ्या, आज आठवण ताजी आहे तोवर. धाकटीने फोन काढला. पहिला सुतार. अंगणात स्टुलावर बसवलं. तो बसला, तोंड उघडलं आणि मिटलं. हात मांडीखाली सारले. समोर सहा माणसं उभी होती. त्यांच्यापैकी कुणालाही कळेना की आता काय करायचं.

वाघ पुढे आला. अजून वाकडाच चालत होता. तो सुतारासमोर गुडघ्यांवर बसला, कारण तसं बसल्यावर कमी दुखे. म्हणाला, "घाबरू नकोस. मी आहे इथे. आधी पाय धरलेस तिथून सांग. ते सांगून झालं की बाकीचं सोपं जातं."